माफी मागायला करी रोडला

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा पप्पा जेवायला बसले होते. इस्पितळ आमच्या परळच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, पण ती तिथे होती त्या सगळ्या काळात ते एकदाही गेले नव्हते. मी सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "काही म्हणाली का?"

जे म्हणायचं होतं ते तिने आधीच म्हटलं होतं आणि मी ते त्यांच्यापर्यंत पोचवलंही होतं. "पप्पांना सांग, मी वाद घालणार नाही. नुसते येऊन बसू देत." त्यावर पप्पा म्हणाले होते, "आधी तिने पश्चात्ताप करावा."

ताईने ऑफिसातल्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं होतं. करी रोडचं, मूळचं मालवणकडचं हिंदू कुटुंब. पप्पा निवृत्त शिक्षक, आमच्या मराठी चर्चच्या पंचांपैकी एक. त्यांनी तिला दारातच सांगितलं, मंडळीसमोर उभी राहा, चूक कबूल कर, मगच या घरात पाऊल टाक. ती म्हणाली, "ज्याच्याबरोबर सुखी आहे त्याचा पश्चात्ताप कसा करू, पप्पा? ते खोटं होईल." त्यानंतर ती आली नाही. रोज सकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत पप्पा तिच्यासाठी प्रार्थना करायचे, पण तिचं नाव घ्यायचे नाहीत. "हरवलेलं मेंढरू" म्हणायचे. मी डोळे मिटून आमेन म्हणायची आणि दुपारी डब्यात सूप घेऊन तिच्याकडे इस्पितळात जायची.

भोईवाड्याच्या स्मशानात तिला नेलं तेव्हा पप्पा समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. आत आले नाहीत. मी बाहेर आले तेव्हा ते तिथेच होते, आणि त्यांना घर कुठल्या बाजूला ते सुचत नव्हतं.

मग त्यांची झोप गेली. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट समोर आलं की ते तुकडा न घेता तसंच पुढे सरकवायचे. पाळकसाहेब घरी आले, समजावून गेले, देवाने कधीच क्षमा केली आहे म्हणाले. पप्पांनी मान हलवली. एका रविवारी उपासना संपता संपता ते स्वतःच उठून पुढे गेले. ताईने जिथे उभं राहावं म्हणून ते अडून बसले होते, तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी मरताना मला बोलावत होती. मी गेलो नाही. मी धर्म पाळतोय असं मला वाटत होतं. तो माझा अहंकार होता."

लोक रडले. कुणी त्यांना मिठी मारली, कुणी म्हणालं, केवढी ही नम्रता. घरी परतल्यावर पप्पा जिन्यात थांबून म्हणाले, "अगं, मी पाप सांगितलं आणि त्यांनी मला अजून मोठं केलं. हे चुकलंच. ज्याचं गेलं त्याच्याकडे जायला हवं."

म्हणून आम्ही करी रोडला गेलो. जुनी चाळ पाडून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये ताईचा नवरा, म्हणजे माझे भावजी, आणि त्यांची आई राहतात. दार भावजींनी उघडलं. पप्पांना बघून ते बाजूला झाले, पण "या" म्हणाले नाहीत. त्यांच्या आईने पाणी आणून ठेवलं.

पप्पा उभ्यानेच बोलले. "मी तुमचा अपराधी आहे. माफ करा." मग ते वाकायला लागले. भावजींनी पाय मागे घेतले.

"नको. ती दाराकडे तोंड करून झोपायची," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "नर्स कूस बदलून द्यायची, ही परत तिकडेच वळायची. मी म्हणायचो, येतील गं. शेवटी शेवटी तर मी खोटंच सांगत होतो, आज फोन आला होता म्हणून. तुम्हाला आता हलकं व्हायचंय. त्यात मी का मदत करू?"

पप्पा म्हणाले, "करू नका." मग तिथल्या स्टुलावर बसले आणि तोंडावर रुमाल धरला. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला दया यायला हवी होती. मला वाटलं, रडा.

परतताना लालबागच्या मिरच्यांच्या दुकानांवरून चालत होतो. हवेतल्या तिखट खाटाने दोघांचेही डोळे चुरचुरत होते. पप्पांनी विचारलं, "तू तरी केलीस का गं मला माफ?"

"माहीत नाही, पप्पा."

ते "बरं" म्हणाले. खरं म्हणजे मला माहीत होतं. मी प्रार्थनेला बसते, दुसऱ्यांना क्षमा केल्याच्या ओळीपाशी येते आणि माझी जीभ अडते. या माणसाच्या गोळ्या मी वेळेवर देते, त्याचा हात धरून रस्ता ओलांडते, आणि आतून त्याला जवळ येऊ देत नाही. देवाला म्हणते, हे काढून घे. ते जात नाही.

ताईच्या वर्षश्राद्धाच्या आधी भावजींच्या आईचा फोन आला. "बापाशीक घेवन ये गो," म्हणाल्या. पप्पांनी आयुष्यभर श्राद्धाला पाप म्हटलं होतं. तरी ते आले. हार घातलेल्या फोटोसमोर सतरंजीवर बसले, वाढलेलं जेवले. भावजी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना मात्र खाली टॅक्सीपर्यंत आले आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, मला अजून जमत नाहीये."

मी सांगितलं. पप्पांनी विचारलं, "अजून, असं म्हणाला?"

"हो."

आता रोज सकाळी ते प्रार्थनेत ताईचं नाव घेतात. मग भावजींचं, मग माझं. माझं नाव घेऊन झाल्यावर ते थोडं थांबतात. मी स्वयंपाकघरात असते. दूध गॅसवर असतं, त्याकडे बघत मी उभी राहते, आणि माझ्या तोंडून आमेन निघत नाही.