भावासाठी आलो होतो

झाशीतल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करतो. एकोणीस वर्षं झाली. एके सकाळी एका म्हाताऱ्या बाईंना तीनदा सुई टोचली आणि तिन्ही वेळा शीर चुकली. बाई ओरडल्या नाहीत. "भैया, पहले तुम कुछ खा लो," एवढंच म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी उपाशी आहे. मी उपाशी नव्हतो. निघताना न्हाणीघरात दोन घोट घेतले होते, ते पुरले नव्हते.

लॅबच्या डॉक्टर मॅडमनी माझंच रक्त तपासायला घेतलं आणि दुपारी रिपोर्ट समोर ठेवला. यकृताचे असे रिपोर्ट मी रोज छापतो. समजावून सांगायची गरज नव्हती. "एकदम मत छोड़ना, मिर्गी जैसा दौरा पड़ सकता है. दवा मैं दूंगी," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठीमागे एक नंबर लिहिला. "और यहां फोन करना."

अकरा दिवस चिठ्ठी खिशातच राहिली. बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून फोन लावला. एका पुरुषाने उचलला. मी काय बोललो ते आठवत नाही. त्याने विचारलं, "आज पी है?"

"हां."

"कोई बात नहीं, मैंने भी पहला फोन पीकर ही किया था. इतवार शाम पांच बजे आ जाइए." प्रेम नगरमधल्या एका शाळेची खूण त्याने सांगितली.

रविवारी बायकोला सांगितलं, मिक्सरचं भांडं पातं बदलायला मानिक चौकात नेतो. खरं वाटावं म्हणून भांडं पिशवीत घालून बरोबर घेतलं. शाळेच्या फाटकावरून दोनदा पुढे गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो.

तिसरीचा वर्ग होता. भिंतीवर पाढे. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीशी यायचे. नऊ पुरुष आणि एक बाई बसली होती. मी शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या माणसाने मान वळवली. ते आमचे गुरुजी होते. इथल्या मोजक्या मराठी घरांतली सगळी कार्यं तेच करतात. माझी मुंज त्यांनीच लावली, वडिलांचं श्राद्ध दरवर्षी तेच करतात. मी घाबरलो. उद्यापर्यंत सगळ्या मराठी घरांत बातमी पोचणार, हेच डोक्यात. गुरुजी स्वतः इथे कशाला बसलेत, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला.

एकेकाने आपापलं सांगायचं होतं. त्यांची पाळी आली. संकल्प सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "मैं शराबी हूं. नौ साल से नहीं पी." एकदा श्राद्धाला बसलेले असताना त्यांना यजमानाचं गोत्रच आठवेना, घरच्यांना वाटलं, वय झालं. ते सांगताना ते थोडे हसले. बाकी कुणी हसलं नाही.

मग माझी पाळी. मी म्हणालो, "मैं अपने भाई के लिए आया हूं."

मला भाऊ नाही. हे त्या खोलीत फक्त गुरुजींना माहीत होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

बैठक सुटल्यावर व्हरांड्यात चपला घालताना ते शेजारी आले. मराठीत म्हणाले, "काय रे, भाऊ रोज घेतो?"

"रोज."

"सकाळीही?"

"सकाळीही."

"पुढच्या इतवारी घेऊन ये त्याला. नाही आला तर तू एकटा ये. आणि इथलं बोलणं बाहेर जात नाही, काळजी करू नको."

घरी बायकोने पिशवीतून भांडं काढून पाहिलं. "पातं तसंच आहे की."

दुकान बंद होतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि खरं ते सांगून टाकलं. कुठे गेलो होतो तेही. तिथे कुणाला पाहिलं ते मात्र नाही सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "मला वाटलं होतं, तुम्ही कधीच जाणार नाही," म्हणाली. रडली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. नुसता थकवा आला.

त्या आठवड्यातही मी प्यायलो. तिसऱ्या रविवारी मात्र उभं राहून सांगितलं, "भाई कोई नहीं है. मैं ही हूं." कुणी चकित झालं नाही. कुणीतरी चहाचा कप पुढे सरकवला. मॅडमच्या गोळ्या चालू होत्याच. महिन्याभराने दारू सुटली. मग एका लग्नानंतर पाच दिवस पुन्हा लागली. त्यानंतर आजवर नाही. तीन वर्षं होतील.

गेल्या हिवाळ्यात गुरुजी सलग चार रविवार आले नाहीत. मी दतिया गेटजवळ त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. वास आला. "आज नको, जा," म्हणाले. मी गेलो नाही, ओट्यावर बसून राहिलो. तासाभराने तेही बाहेर येऊन बसले. डॉक्टरांकडे उद्या जाऊ, एवढंच बोलणं झालं.

पुढच्या रविवारी ते आले आणि शेवटच्या बाकावर बसले. पाळी आली तेव्हा म्हणाले, "आज छह दिन हुए." मग त्यांच्या शेजारची बाई बोलायला लागली.