त्या गेमबद्दल माझं खरं मत

आधी कुंदाताईंचं नाव घेतो. नंतर घेतलं तर नाव गाळून पुढे जाईन, अशी मला भीती वाटते. कामोठ्याच्या जुन्या गावात त्यांचं घर आहे. वरच्या खोलीत आम्ही पाच जण भाड्याने राहतो, खाली त्या डबे करतात. मी पनवेलला आलो तेव्हा यवतमाळकडचं एक बोचकं, नववीत इंग्रजीत नापास झाल्याची मार्कशीट आणि रिचार्ज संपलेला फोन, एवढंच माझ्याकडे होतं. मला उभं केलं ते त्यांनी. आज जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या पोरांना नाही. ताईंना तर नाहीच.

तुम्ही मला ओळखत असाल तर गेममुळे ओळखत असाल. गोदामातली पोरं विचारतात, कुठला गेम टाकू, कुठला नको. मी मोबाइलवर बोलून मत टाकतो, थोडेफार लोक ऐकतात. ‘खरं बोलतो’ म्हणतात. हे वाक्य ऐकलं की मला कानाखाली बसल्यासारखं वाटतं. का, ते सांगतोच. पण थोडं फिरून येऊ द्या. सरळ तिथे जायची माझ्यात अजून हिंमत नाही.

विमानातून शंभर जण बेटावर उड्या टाकतात आणि शेवटी एकच उरतो, तो गेम घ्या. माझं मत असं की गेम चांगला आहे, माणसं वाईट नाहीत. अनोळखी माणूस ‘भाई, भाई’ करत जवळ येतो, तुमची बंदूक उचलतो आणि पळतो. राग येतो, पण पाच मिनिटांनी तुम्ही त्याला विसरता. गवतात पडून राहणं, पळून जाणं, याला तिथे अक्कल म्हणतात. मला तो गेम फार जमायचा. यावरूनच काय ते समजा.

लुडोबद्दल लोक हसतात. मी म्हणतो, सगळ्यात कडू गेम तोच. कारण समोरचा ओळखीचा असतो. आमच्या खोलीत सोंगटी मारली म्हणून दोघं तीन दिवस बोलत नव्हते, आणि एकाच कुकरमधला भात खात होते.

कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायचे मोठे गेम असतात. आपण एक पात्र घ्यायचं, गावोगाव फिरायचं, लोकांची कामं करायची, हळूहळू मोठं व्हायचं. पनवेलच्या एका गेम पार्लरमध्ये सुटीच्या दिवशी मी तासतासभर बसलोय. त्यातली एक गोष्ट मला तेव्हा फार आवडायची आणि आता बघवत नाही. काही वाईट करायच्या आधी गेम सेव्ह करून ठेवता येतो. म्हाताऱ्याला लुटा, मित्राला सोडून जा, मग मागे या. काही झालंच नाही. तुम्हाला कधी वाटलंय का, की असं एक बटण आपल्याकडे असावं?

आणि चौथा गेम. त्याचं नाव लिहीत नाही. माझं ऐकणाऱ्यांना माहीत आहे, कारण दोन वर्षं मी त्याला शिव्या घालतोय. ‘टाकू नका. नेट जरा हललं की तुमच्या जोडीदाराचा जीव जातो. सर्व्हर भंगार आहे.’ असं मी किती वेळा म्हणालो असेन!

हे मत खोटं आहे. त्या गेमचं नेट कधीच गेलं नव्हतं.

तो गेम मला ताईंनी शिकवला. पन्नाशीची बाई, दुपारचे डबे गेले की ओट्यावर पाय सोडून बसायची, चष्मा नाकावर, आणि फोनमध्ये राक्षस मारायची. त्यांचं पात्र म्हणजे हातात ढाल घेतलेली एक दांडगी बाई. नाव ठेवलं होतं ‘मिठागर’. वडिलांची मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत. त्या म्हणायच्या, जागा गेली, नाव तरी कुठंतरी फिरू दे.

त्या गेमची एक अट आहे. पात्र मेलं की मेलं. परत येत नाही. जिथे पडलं तिथे एक दगड उभा राहतो, त्यावर नाव. ताईंनी मिठागरला अडीच वर्षं जिवंत ठेवलं होतं. कांदा चिरता चिरता, कुकरच्या शिट्या मोजता मोजता.

मला त्यांनी घेतलं ते बरं करणारा म्हणून. लढणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं आणि कुणाला लागलं की जीव भरायचा. त्या मला डॉक्टर म्हणायच्या. नववी नापास डॉक्टर, असं सगळ्यांसमोर म्हणायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या. मला त्याचा कधी राग आला नाही. गावाकडे नापास म्हटलं की मान खाली जायची. इथे त्याच शब्दापुढे डॉक्टर लागलं होतं.

आणि अजून एक. द्रोणागिरीच्या गोदामात मी तेव्हा खोकी उचलायचो. स्कॅनरचं मशीन हातात दिलं की घाम फुटायचा, सगळं इंग्रजी. ताईंच्या लक्षात आलं की गेममधल्या सामानाच्या थैलीत आणि त्या मशीनमध्ये तेच शब्द आहेत. किती नग, कुठला खण, भरलाय की रिकामा, काय यायचं बाकी. त्यांनी थैली उघडून एकेक शब्द माझ्याकडून म्हणून घेतला. महिन्याभरात मी स्कॅनिंगवर गेलो. सुपरवायझरला वाटलं मी क्लास लावला.

आमच्यात तिसरा इम्रान. तो पनवेलचाच, माझ्याच गोदामात पॅकिंगला, गेममध्ये धनुष्य चालवायचा. ताईंचे दोन नियम होते. गुहेतून निघताना आधी धनुष्य, मग डॉक्टर, शेवटी ढाल. आणि ढाल ‘निघ’ म्हणेपर्यंत डॉक्टरने हलायचं नाही. दुसरा नियम फ्लाइट मोडचा. नेट तुटलं तर पात्र मरू नये म्हणून त्या गेममध्ये सोय आहे, पात्र तिथून अलगद गायब होतं, सुखरूप. गेम बनवणाऱ्यांनी ती दयेपोटी ठेवलेली. भित्रे लोक मरायची वेळ आली की मुद्दाम फ्लाइट मोड लावतात. ताई म्हणायच्या, त्याला हात लावणारा आपल्यातला नाय.

आता कळलंच असेल तुम्हाला. पण मला लिहायलाच हवं.

दुपारच्या जेवणाची सुटी होती. मी गोदामाच्या मागच्या शेडमध्ये पत्र्याखाली बसलो होतो, समोर ताईंचाच डबा, भाकरी आणि सुकट. ताई घरी. इम्रानची रजा, तोही त्याच्या घरी. तिघं कानात इअरफोन घालून एका गुहेत शिरलो होतो. शिरलो ते जास्त आत शिरलो. परत निघताना इम्रान आधी बाहेर पडला, नियमाप्रमाणे. ताईंनी अरुंद दारात ढाल लावली, मी त्यांच्या मागे. ढालीवर सात-आठ जण तुटून पडलेले. ताईंचा जीव अर्धा झाला, मग त्याहून कमी. तेवढ्यात एक राक्षस फटीतून माझ्याकडे वळला. माझाही जीव उतरायला लागला. माझ्याकडे जीव भरायचा एकच डाव उरला होता. ताई त्याला पाणी म्हणायच्या.

त्या म्हणाल्या, “डॉक्टर, पाणी दे.”

आवाज घाबरलेला नव्हता. ओट्यावर बसून तांब्या मागावा तसा होता. मी देणारच, हे त्यांनी धरलेलं होतं.

मी वरून स्क्रीन खाली ओढली आणि विमानाचं चिन्ह दाबलं.

नेट गेलं नाही. मी घालवलं. पत्र्याखाली तेव्हा सिग्नलच्या चार दांड्या होत्या. मला आजही दिसतात.

का केलं? माझ्या डॉक्टरची पन्नासावी लेव्हल नुकतीच झाली होती. नववीनंतर मी वरच्या वर्गात गेलो असेन तर तिथेच. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. पण हे कारण सांगतोय, माफीचा अर्ज नाही. ताईंची लेव्हल तर माझ्याहून कितीतरी जास्त होती, आणि त्या दारात उभ्या होत्या.

पुढचं जास्त लाजिरवाणं आहे. मी डबा संपवला. फोन बाजूला ठेवून, शेवटचा घास डबा पुसून खाल्ला. मग नेट चालू करून ताईंना फोन लावला आणि म्हणालो की ताई, पत्र्याखाली नेट गेलं. आवाजात थोडी चिडचिडही आणली. कुणी शिकवलं असेल मला हे?

त्या एवढंच म्हणाल्या की मिठागर गेली रे. मग मागे कुकरची शिटी झाली आणि त्यांनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी डब्यातली डाळ अळणी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोलीत सगळ्यांनी मीठ वरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी इम्रान ओट्यावर आला. तो म्हणाला, मी गुहेबाहेरून बघत होतो. नेट गेलं की पात्र आधी गोठतं, अडखळतं, मग जातं. हा तर साफ गेला. तो माझ्याकडे बघून बोलत नव्हता, माझी लाज राखत होता. ताई लसूण सोलत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं, पण त्या आधी बोलल्या.

“पोरगा आपला हाय. तो खोटा नाय बोलायचा.”

मी तोंड मिटलं. इम्रान पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि गेला. आमच्यासोबत तो पुन्हा खेळला नाही. गोदामात समोर येतो, मान हलवतो. त्याला माहीत आहे. मला माहीत आहे की त्याला माहीत आहे.

आणि ताईंनी काय करावं? त्यांनी मलाच समजावलं. म्हणाल्या, तुझी काय चूक, मीच तुला पत्र्याखाली बसून खेळायला लावते. कपाटातून स्वतःचं दुसरं सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं. त्याला गोदामात रेंज येते म्हणे. नख लावून खाच उघडताना त्यांच्या बोटांना लसणाचा वास येत होता. ते सिम अजून माझ्या फोनमध्ये आहे. आईचा फोन त्यावरच येतो.

ताईंनी तो गेम काढून टाकला. आता फळं जुळवायचा कसलासा गेम खेळतात, तोही अर्धवट सोडतात. मी मात्र मत टाकायला लागलो, सर्व्हर भंगार, नेट भंगार. पहिलं मत त्यांनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, बरोबर बोललास. एका खोट्याला मी असं दोन वर्षं खत घातलं.

माझा डॉक्टर जिवंत आहे. पन्नास लेव्हल, पूर्ण जीव, ते एक पाणीही तसंच शिल्लक. कधीतरी उघडतो. जिथून गायब झाला तिथेच उभा असतो, गुहेच्या त्या अरुंद दारापाशी. त्याच्या समोर दगड आहे. मी काही खेळत नाही, बघतो आणि बंद करतो.

तर माझं खरं मत लिहून ठेवतो. तो गेम मी खेळलेला सगळ्यात चांगला गेम आहे. त्याचं नेट उत्तम आहे. त्यात जे काही वाईट झालं ते मी केलं. दोन वर्षांत टाकलेली सगळी मतं मी आज काढून टाकली आहेत.

ताईंना हे वाचून कळू नये. त्याआधी मी त्यांच्याकडे जाईन. दुपारी, डबे गेल्यावर, फोन वर खोलीत ठेवून, आणि इम्रान ज्या पायरीवर बसला होता त्याच पायरीवर बसून सांगेन. त्यानंतर त्या माझ्याशी बोलतील की नाही, ते त्यांचं. पण कुंदाताई, कधी जर तुम्हाला पुन्हा पहिल्या लेव्हलपासून खेळावंसं वाटलं, आज नाही, दहा वर्षांनी का होईना, तर दारात ढाल मी धरीन. आधी तुम्ही निघायचं.