ऑर्डेलाताईंची बोलायची पाळी

...आणि काल तुम्ही गोष्ट अर्धी टाकून उठून गेलात ना, तिथेच खरी गोष्ट सुरू होते. ऑर्डेलाताई काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, सभेत माइकपुढे गेल्या त्या पांढरे हातमोजे घालूनच. आमच्या चर्चच्या दारात उभं राहून लोकांना जागेवर नेऊन बसवायचं काम त्यांचं. देवापुढे मोज्यांशिवाय कधी गेल्या नाहीत, मग ही तर बजेटची सभा!

त्यांचा मुलगा लव्हेल अधूनमधून भ्रमिष्टासारखा करायचा. ताई फोन करायच्या, दवाखान्याची फिरती गाडी यायची, नर्स त्याच्याशी गप्पा मारत गोळी द्यायची. आता ती गाडी बंद करून तो पैसा तुरुंगाच्या नव्या इमारतीत घालायचा घाट होता. म्हणजे पुढच्या फोनला नर्सऐवजी शेरीफची माणसं, पोलीस, येणार. शेजारच्या क्लीटसकडे तीच आली होती. तो अजून आत आहे, खटल्याचा पत्ता नाही. रुळांपलीकडच्या गोऱ्या वस्तीत पोर बिथरलं की डॉक्टरकडे नेतात, आमच्या काळ्या वस्तीतलं असलं की बेड्या.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. ताईंनी स्वयंपाकघरात गजर लावून तालीम केलेली.

"मी लव्हेलची आई."

"हो ताई, बोल!" मागून म्हातारा रॉस्को गरजला. आमच्यात बोलणाऱ्याला साद दिली नाही तर त्याचा अपमान होतो.

"माझं पोर वाईट नाही."

"मुळीच नाही!" आमचा अख्खा बाक.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "गप्प बसा, नाहीतर बाहेर काढीन!"

"अहो, आम्ही तिला बळ देतोय," रॉस्को म्हणाला.

"ते तुमच्या चर्चमध्ये द्या!"

दोन शिपाई रॉस्कोला उठवायला आले. तो कसला उठतोय! "माझे गुडघे तुमच्या बापाच्या वयाचे आहेत, दमानं घ्या." आम्ही हसलो, शिपाई चिडले, आणि घड्याळ चालतच राहिलं. शेवटी ताईंनी मोजा घातलेला हात वर केला. त्या खुणेला चर्चमध्ये तान्ही पोरंसुद्धा गप्प होतात. आम्ही गप्प झालो. तेवढ्यात माइकही गप्प झाला.

मतदान झालं. इमारत मंजूर, गाडी बंद.

दारात अध्यक्ष ताईंजवळ आले. माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. नव्या इमारतीत उपचारांची खोली आहे. तुमच्या मुलाला गोळ्या वेळेवर मिळतील."

ताईंनी मोजे काढले, घडी घालून पर्समध्ये ठेवले.

"साहेब, मग त्या गोळीसाठी आधी कोणता गुन्हा कर म्हणून सांगू त्याला?"