भोयर सरांचे दोन वाण

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी भोयर सर दाराशी थांबून खाकरायचे. सासऱ्याने माजघरात जाताना खाकरावं, अगदी तसं. "एकदम गेलं का भेतात ना बिचारे," म्हणायचे. एकोणीसशे साठनंतरच्या सालांतली ही गोष्ट. यवतमाळच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर होतो.

त्यांच्याकडे उंदरांचे दोन वाण होते, पांढरे आणि काळ्या डोक्याचे. लग्नाच्या पंगतीची भलीमोठी परात त्यांनी कुठूनशी पैदा केली होती. तीत सोडलं की दोन्ही वाण भिऊन काठाला चिकटायचे. मग सर गुळाच्या पाण्यातून भीतीवरचं नवं औषध पाजायचे. पांढरे थोड्या वेळाने परातभर हिंडू लागत. काळ्या डोक्याचे मात्र सुस्त पडून राहत. दाणे टाकले तरी मान वर करत नसत. "औषध एकच हाय गड्या, पण याईचा वाण अलग," सर म्हणायचे.

हा नुसता प्रयोग असता तर काय हवं होतं! पण घरी वहिनी, म्हणजे सरांची बायको, सदा भेदरलेली. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा म्हटलं की त्यांचे हातपाय कापायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी तेच औषध दिलं. गुण येईना, तेव्हा म्हणाले, गोळ्या वाढवा. सर काही वाढवेनात.

वहिनींचे थोरले भाऊ नानाजी घाटंजीहून तणतणत आले. "माह्या बायकोले याच गोळ्यांनं मोकळं वाटलं. तुमी काहून अडवून राह्यले?"

"तुमची बायको दुसऱ्या घरची लेक हाय. हिचं रक्त तुमचं. पह्यले तुमी खाऊन पाहा."

"बहिणीले उंदीर समजता काय?" नानाजी कडाडले. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

तेवढ्यात वहिनीच आतून आल्या. "मले दादासंगं जाऊ द्या जी, गोळ्या वाढवून पाहू द्या. रोजचं हे भेणं आता नाही सोसत."

सरांनी होकाराची मान हलवली. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

वाढवलेल्या गोळ्या घेऊन महिन्याभराने वहिनी भावाबरोबर घाटंजीहून परतल्या. कुणाचा हात न धरता रिक्षातून उतरल्या, ओसरीवर बसल्या. नानाजींनी गल्लीत पेढे वाटले. काही दिवसांनी मी सरांना म्हटलं, "वहिनी आता भीत नाहीत, बरं वाटलं."

"नाही भेत," सर म्हणाले. "आधी मले घडीभर उशीर झाला, तं दारात उभी राहून रडे. परवा न सांगता आर्णीले गेलतो, दोन दिवसांनं आलो. कुठं गेलते, म्हणूनही नाही इचारलं तिनं."