उन्हात ठेवलेले सेल

चाळीस वर्षं मी नव्या संगीताची बाजू घेऊन भांडत आले. तेही डोंबिवलीत, जिथे एक घर सोडून पेटी आहे आणि एकही घर न सोडता मत आहे. राग नाही, ताल नाही, बंदिश नाही, मग हे संगीत कसलं, असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. एकदा ठाण्याच्या एका सभेत मी अध्यक्षांच्या हातातून माइक काढून घेतलेला. "तुम्ही आजोबांच्या कानांनी ऐकताय, जरा स्वतःचे वापरा," असं तोंडावर म्हटलेलं. लोक मला टरकून असायचे. मी मात्र कुणाला टरकत नव्हते.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की गेल्या श्रावणात मी माझ्याच स्वयंपाकघरात, भर सकाळी, कानांना हेडफोन लावून उभी होते आणि चांगलीच टरकले होते. गॅसवर दूध उतू जात होतं, दिसत होतं, पण हात पुढे होईना.

माझी एक विद्यार्थिनी आहे. कोपरीत राहते, सारंगी वाजवते. माझ्या जुन्या कॅसेटींवरची बुरशी पुसून त्या कंप्युटरवर चढवायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलेलं, कारण ठाण्यात माझ्या पासष्टीचा सत्कार ठरला होता आणि त्यात ती 'चढता षड्ज' वाजवणार होती. त्या सकाळी तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच रचनेची मूळ टेप साफ करून पाठवली. खाली लिहिलेलं, "ताई, खरखर सगळी गेली. आता मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय. टिकटिक काढून टाकू का?"

चढता षड्ज हे नाव मी दिलेलं. आपल्याकडे सा हलत नाही. तानपुरा एकदा लावला की सा तिथेच, बाकीच्या सुरांनी काय फिरायचं ते त्याच्याभोवती फिरायचं. तीसेक वर्षांपूर्वी कल्याणजवळ मोहन्याला एक गृहस्थ राहायचे, कारखान्यात कामाला होते. सारंगी वाजवायचे म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणत. त्यांनी अर्ध्या तासाची एक रचना केलेली. एक सारंगी, दोन तानपुरे, आणि राग म्हणाल तर कुठलाच नाही. ती मी माझ्या टेपरेकॉर्डरवर घेतली, घरी लावली, तर सा हळूहळू वर सरकत होता! अगदी मुंगीच्या पावलांनी, पण शेवटाला पोचेपर्यंत चांगला एक स्वर वर गेलेला. माझ्या अंगावर काटा आला. मी लेख लिहिला, की तानपुऱ्याच्या खुंट्या केसाकेसाने पिळत या माणसाने आपल्या संगीताचा पायाच हलवला आहे. लेख गाजला. भांडणं झाली, मला हवी होती तशीच. मग पुस्तक आलं, व्याख्यानं आली, आणि 'चढता षड्ज' म्हटलं की मी, असं समीकरण होऊन बसलं.

आणि आता ते घड्याळ.

टेपच्या सुरुवातीला ते निवांत होतं. टिक, टक, टिक, टक. मग अकराचे टोल पडले, घुमणारे, जड. मधे सारंगी. आणि शेवटी शेवटी तीच टिकटिक अशी सुटलेली, जणू कुणाची गाडी चुकत होती. साडेअकराचा एकच टोल पडला तो पातळ, चिरका, सुरुवातीच्या टोलांपेक्षा बरोबर एक स्वर वर.

घड्याळाला कसली घाई? चावीचं, लंबकाचं घड्याळ. त्याला कुणी खुंट्या पिळत नाही.

मला लगेच कळलं. असं कळायला संगीताचा अभ्यास लागत नाही, आमच्या काळात टेपरेकॉर्डर वापरलेल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. तो शुक्रवार होता. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लाइट जाण्याचा वार. बुवांच्या घरी लाइट नसणार म्हणून मी सेल घेऊन गेलेले, आणि तेही टॉर्चमधले उतरलेले. उतरलेले सेल आम्ही कधी फेकायचो नाही. खिडकीत, कुरडयांच्या ताटाशेजारी, उन्हात मांडून ठेवायचो. चार तास ऊन खाल्लं की थोडी धुगधुगी यायची. तीच धुगधुगी मी मोहन्याला नेली. सेल जसे मरत गेले तशी रेकॉर्ड होताना टेप हळू हळू फिरत गेली, आणि घरी लाइटवर नीट वेगाने लावल्यावर सगळंच चढत गेलेलं ऐकू आलं. सारंगी, तानपुरे, घड्याळ, सगळंच. बुवांचा सा जागचा हललाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, पण बाई, तुम्ही तिथे होतात ना? लेखात तर लिहिलंय, "त्या छोट्या खोलीत भिंतीला टेकून मी ऐकत होते, आणि सा वर सरकताना माझा श्वास अडकला."

नव्हते मी तिथे. बटण दाबून पाच मिनिटांत निघालेले. मुलगी बालवाडीत होती, तिला आणायची होती, मोहन्याहून डोंबिवली गाठायची म्हणजे तासभर. बुवांना म्हटलं, तुमचं चालू द्या, टेप संपली की खटका आपोआप पडेल. दोन दिवसांनी ते स्वतः टेपरेकॉर्डर घरी आणून देऊन गेले. तो श्वासबीस मी आमच्या खाटेवर बसून लिहिला. त्या वेळी वाटलं, एवढ्याशा वाक्याने काय होतंय.

त्या स्वयंपाकघरात माझं धाबं दणाणलं ते यामुळे. चूक झाली असती तर मी तोंड वर करून सांगितलं असतं, चुका सगळ्यांच्या होतात. पण हे खोटं होतं. आणि त्या खोट्याची साक्ष भिंतीवर टिकटिक करत होती.

मी विद्यार्थिनीला लिहिलं, "काढून टाक."

तिने अंगठा पाठवला. मला वाटलं सुटले. कसली सुटतेय! त्या क्षणापासून जी भीती धरली, ती सोडेना. मूळ फाइल तिच्याकडे होतीच. कधी ना कधी ती नीट ऐकेल. ती नाही तर सभागृहातला आवाजवाला ऐकेल. फडके रोडवर एक जुने ओळखीचे भेटले, म्हणाले, "काय, ती ऐतिहासिक टेप ऐकवणार म्हणे?" तर मी घाईचं सोंग करून सटकले. ते बिचारे कौतुकाने विचारत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. रात्रीचं मला काही होत नसे, गोळी घेऊन झोपायचे. भीती दिवसाची होती, भाजी निवडताना, पेपर वाचताना. फोन वाजला की आधी नाव बघायचे, मग उचलायचे. नवरा म्हणाला, "सत्कार तुझा आहे की खटला?" मी त्याच्यावर खेकसले.

चार दिवसांनी ती घरी आली. सारंगी काढून तिने मला चढता षड्ज वाजवून दाखवला. सारंगीची तार बोटाने नव्हे, नखाच्या मुळाने दाबतात. तिने हात पुढे केले, तर नखांच्या मुळाशी काळे घट्टे.

"तीन वर्षं ताई," ती म्हणाली. "मध्ये सोडूनच देणार होते. खाली तरफांच्या तारा, बाजूला तानपुरे, सगळ्यांना एकत्र वर चढवायचं, शक्यच वाटत नाही. पण म्हटलं, बुवांना जमलं ना? ताईंनी समोर बसून ऐकलंय. मग आपल्याला का नाही जमणार?"

मी तिला चहा दिला. "छान," एवढंच म्हटलं. आणि ती गेल्यावर, कपबशा विसळताना, मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि तेव्हा जे वाटलं त्यापुढे आधीची भीती काहीच नव्हती.

लेख छापून आल्यावर बुवा माझ्याकडे आलेले. हातात मासिक. दाराशीच उभे राहून म्हणाले, "बाई, एक सांगायचं होतं. तो सा..." आणि मी त्यांना पुढे बोलूच दिलं नव्हतं. म्हटलेलं, "बुवा, कलावंताला स्वतःचं काय ते कळत नसतं. तुम्ही वाजवा. सांगायचं काम आमचं." ते हसले, मान डोलावली आणि गेले. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांनी वाजवणं सोडलं. मी सगळीकडे सांगत फिरले, की समाजाने एका द्रष्ट्या कलावंताची कदर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खडवलीला गेले. बुवा आता तिथे मुलाकडे असतात, एवढं ऐकून होते. स्टेशनवरून रिक्षा केली, आणि ती दारात थांबली तरी मला उतरवेना. रिक्षावाला म्हणाला, "आजी, हेच ना?" म्हटलं, "हो रे बाबा, हेच. उतरते." तरी मिनिटभर बसूनच होते.

बुवा ओसरीवर खुर्चीत होते. वाळलेले, पण नजर तीच. "या बाई," म्हणाले, जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेलेले. सुनेने पाणी आणलं. आत भिंतीवर ते घड्याळ होतं, आणि चालू होतं. मी पेला तसाच खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. सेल, बालवाडी, खाटेवर बसून लिहिलेलं वाक्य. काढायला सांगितलेली टिकटिक सुद्धा. सांगताना त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, मी त्यांच्या चपलांकडे बघत बोलत होते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "खटका पडलाच नाही, टेप मीच बंद केलेली ना. चाक रखडत होतं, दिसत होतं मला. म्हणून तर आलेलो तुमच्याकडे."

"मग बोलला का नाहीत? मी ओरडले म्हणून गप्प बसायचं?"

"बाई, तुमच्यासमोर कोण बोलणार?" ते हसले. मग हसू गेलं. "मी पण घाबरलेलो. पहिल्यांदाच कुणी माझ्याबद्दल एवढं चांगलं लिहिलेलं. म्हटलं, खरं सांगितलं तर हे पण जाईल. मग कल्याणला कार्यक्रम ठेवला लोकांनी. समोर सगळे तुमचा लेख वाचून आलेले. आता सा चढणार म्हणून वाट बघत बसलेले. मी बायकोला खूण केली, तिने तानपुऱ्याची खुंटी पिळली. पिळली, पिळली, आणि तार तुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! त्यांना वाटलं, ते पण त्यातलंच. घरी आलो, सारंगीला गवसणी घातली. नंतर काढली ती माझ्यापुरती. लोकांसमोर नाही."

ज्या समाजाच्या नावाने मी तीस वर्षं खडे फोडले, तो समाज म्हणजे मीच निघाले.

"कारखान्यात दिवसभर मशिनं," ते म्हणाले. "कानात घूं घूं. घरी आलो तरी जायची नाही. मी म्हटलं, हे सगळं अंगावर आलं तरी एक सूर अर्धा तास जागच्या जागी धरता येतो का बघू. बस. माझं सगळं तेवढंच होतं बाई, की सा हलायचा नाही."

मी रडले. वयाला शोभेल असं नव्हे, चांगली नाक ओढत रडले. सून आतून डोकावून गेली.

मग तिथूनच विद्यार्थिनीला फोन लावला. म्हटलं, "टिकटिक राहू दे. पहिल्या टोलापासून शेवटच्या टोलापर्यंत, सगळी टेप जशी आहे तशी रविवारी सत्काराला ऐकवायची."

"पण ताई, मग लोकांना ते घड्याळ..."

"ऐकू येऊ दे. सा चढत नव्हता. माझे सेल उतरले होते. आणि मी तिथे नव्हते. समोर बसून मी काही ऐकलेलं नाही, ते खोटं लिहिलं. हे मी स्टेजवर सांगणार आहे, पण आधी तुला सांगतेय."

मला तिचे घट्टे दिसत होते. मग ती एवढंच म्हणाली, "मी नंतर बोलते," आणि फोन ठेवला. ती नंतर बोलेल का, ही भीती मी अजून घेऊन बसले आहे.

बुवांनी सुनेला हाक मारून सारंगी आणायला सांगितली. गवसणी उतरवली. तारा लावायला त्यांना बराच वेळ लागला, बोटं आखडलेली, मधेच थांबून फुंकर मारायचे. मी उठून निघायची तयारी केली. म्हटलं, थकाल, मी येते.

"बसा बाई," ते म्हणाले. मान सारंगीवरच होती. "त्या दिवशी पाच मिनिटांत गेलात. ह्या वेळी शेवटपर्यंत बसा."

गज तारेवर टेकला. मी पर्स खाली ठेवली आणि बसले. आता बालवाडीतून आणायला कुणी नव्हतं.