खंडेनवमीला अडकलेला स्टड

आमच्याकडे शेत नव्हतं, मळणी यंत्र होतं. निपाणीकडच्या आमच्या गावात आप्पा ते लोकांच्या खळ्यांवर घेऊन जायचे आणि मळणीच्या बदल्यात धान्य आणायचे. यंत्र चाललं की घरात पोत्यांची थप्पी लागायची. बंद पडलं की आई दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला जायची. एक अख्खा हिवाळा आम्ही रेशनच्या तांदळावर काढलाय, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

यंत्राचं डिझेल इंजिन जुनं होतं. त्याचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, ज्या स्टडांवर, म्हणजे आटे पाडलेल्या लोखंडी दांड्यांवर, आवळतात, त्यांतल्या एकाच्या भोकातले आटे गेले होते. आप्पा स्टडला तांब्याची तार गुंडाळून तो तसाच पिळायचे. थोडे दिवस टिकायचं, मग हेड फुसफुसायला लागायचं, इंजिनाचा जोर जायचा. खळ्यावरची माणसं आप्पांच्या देखत दुसऱ्या यंत्रवाल्याला फोन लावायची. शाळेच्या वयात मी ते पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं की हे भोक एक दिवस मी नीट करणार.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मेकॅनिकल केलं, बेंगळुरूला पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले. आणि सोयाबीनची मळणी तोंडावर असताना आप्पांचा फोन आला. स्टड पिळताना आतच तुटला होता. गावचा मिस्त्री म्हणाला होता, भंगारात घाला.

"दसरा झाला की मळण्या सुरू," आप्पा म्हणाले. "तंवर झालं तर झालं. न्हाई तर इंजिन इकतो."

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे हेडखालचं ओतीव धड, गोणपाटात बांधून ते बसनं आले. मी रिक्षा करून त्यांना थेट ओळखीच्या वर्कशॉपवर नेलं. तिथं पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाराला केळीचे खुंट, उंबऱ्यात फुटलेला कोहळा, लेथवर झेंडूच्या माळा. खंडेनवमी! कारखान्याला सुट्टी आहे म्हणून मी मोकळी होते, आणि सुट्टी कशाची हेच विसरले होते.

वर्कशॉपचे अण्णा कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आले. गोणपाटात डोकावून हसले. आमचं बोलणं कानडीतच चालायचं. "इवत्तु आगल्ला, मॅडम. आज हत्यारांना रजा. उद्या या."

"अण्णा, फक्त ड्रिल द्या. मीच करते."

"ड्रिलवर आत्ताच हळद वाहिली. तुम्हीच उचला मग, माझ्या बायकोसमोर."

मी आप्पांकडे पाहिलं. वाटलं, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील, गरज त्यांची होती. त्यांनी चपला काढून लेथला हात जोडले होते.

"आज न्हाई," ते म्हणाले. "मी तरी कुठं घरात पान्याला हात लावला असता?"

"आप्पा, हंगाम जाईल!"

"शिक्षण झालं गं तुझं. धीर तेवढा ऱ्हायलाय." अण्णांना मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण ते मोठ्यानं हसले.

मी चिडून ब्लॉकपाशी बसले. करण्यासारखं काही नव्हतं. मग विचारलं, "तेल घातलं तर चालेल का? ते तर हत्यार नाही."

आप्पा आणि अण्णा एकमेकांकडे बघत राहिले, दोघं मिळून शास्त्र ठरवत असल्यासारखे. "सरी, चालेल," अण्णा म्हणाले. "तेल म्हणजे नैवेद्यच की. स्वल्प जास्तच घाला."

गंज सोडवणारं तेल मी तुटक्या स्टडभोवती घातलं. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं घालत राहिले. आप्पा शेजारी चुरमुऱ्यांचा प्रसाद खात बसले आणि अण्णांशी कानडीत पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिले. मला मात्र एकच दिसत होतं: आमच्या गावातली खळी आणि कानाला लावलेले फोन.

दसऱ्याच्या सकाळी मी तेल पुसून काढलं, स्टडच्या तुकड्यावर एक नट वेल्ड केला आणि निवू दिला. पाना लावला. ओतीव लोखंड आहे, जास्त जोर केला तर ब्लॉकच तडकतो, त्यामुळे माझे हात बेतानंच चालले होते. पहिल्यांदा काहीच हललं नाही. पुन्हा थोडं मागे, थोडं पुढे. मग कुर्र असा आवाज आला आणि तुकडा फिरला.

"आला का?" आप्पांनी विचारलं.

"आला."

ते एकदम खाली बसले, उकिडवे, आणि उपरण्यानं तोंड पुसलं. मीही श्वास सोडला. अण्णा म्हणाले, "काल जबरदस्तीनं काढायला गेला असतात तर ड्रिलही आत मोडलं असतं." ते खरं होतं. एक दिवस मुरल्यामुळेच तेल आट्यांपर्यंत पोचलं होतं.

बाकीचं काम माझ्या रोजच्या हातचं होतं. भोक थोडं मोठं केलं, नवे आटे पाडले आणि त्यात स्टीलच्या तारेची घट्ट गुंडाळी बसवली. स्प्रिंगसारखीच दिसते, पण स्टडला आतून कोरे करकरीत आटे मिळतात. नवा स्टड बोटांनीच सरसर आत गेला. आप्पांनी तो पुन्हा काढला, पुन्हा बसवला.

ब्लॉक घेऊन ते त्याच दिवशी परत गेले. सोयाबीन झालं, मग ज्वारी, मग हरभरा. हेड एकदाही गळलं नाही, आणि इंजिन विकावं लागलं नाही.