टोपी सुटलेलं फळ

लवॉन टीगने एकदा मनावर घेतलं की तिला अडवायच्या भानगडीत हेल्टन गावात कुणी पडत नसे. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती, आणि साडेतीनशे पोरांना तासाभरात जेवू घालणाऱ्या बाईला कमिटीबिमिटीची भीती वाटत नाही. चर्चच्या इमारत-कमिटीने आवारातलं पर्सिमनचं झाड पाडायचं घाटलंय हे कळलं, तेव्हा ती भांडायला गेली नाही. मतदान कधी आहे, एवढंच तिने विचारलं. शनिवारी, सुगीच्या जेवणाआधी. आणि कमिटीत माणसं किती? सात. बरं, म्हणाली, घरी आली आणि कपकेकचे साचे काढून घासायला बसली.

झाडाचा गुन्हा तसा खरा होता. ऑक्टोबर लागला की त्याची पिकली फळं गाड्या लावायच्या जागेवर टपाटपा पडत, फुटत आणि बुटांना चिकटून थेट चर्चच्या गालिच्यावर जात. गांधीलमाश्या घोंगावत त्या वेगळ्याच. गेल्या पानगळीत म्हाताऱ्या मिसेस ओडमचा पाय त्या रबरबाटावरून घसरला आणि मनगट मोडलं. कमिटीचा प्रमुख गेलन स्टकी हा अगदी नेमका माणूस. त्याने फोटो काढले, जागा मोजली आणि ठराव मांडला. त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि लवॉनला तेच जास्त झोंबलं.

तिची बाजू कागदावर मांडण्यासारखी नव्हती. ती आठ वर्षांची असताना चुनखडीची खाण बंद पडली आणि तिचे वडील घरी बसले. त्या पानगळीत तिच्या माहेरची पाचही भावंडं या एका झाडावर जगली. आई रोज सकाळी बादली देऊन पाठवायची. संध्याकाळी त्याचंच पुडिंग, त्याचाच पाव, नाहीतर नुसता गर. पुढे बरे दिवस आले, पण ही गोष्ट लवॉनने गावात कुणालाच कधी सांगितली नाही. भुकेची लाज भूक गेल्यावरही जात नाही.

आता हे फळ म्हणजे आपल्या टेंभुर्णीची चुलत बहीण. पिकलं की मधासारखं, आणि कच्चं असलं तर तोंडाची पार वाट लावतं. म्हणून तिकडे ते झाडावरून कुणी तोडत नाही. आपणहून पडेल तेच उचलायचं, आणि उचलल्यावर देठाकडची चार पाकळ्यांची टोपी हळूच ओढून पाहायची. अलगद सुटली तर फळ आपलं. घट्ट बसली असेल तर तिथेच ठेवून द्यायचं. हे तिथल्या पोरांना लिहावाचायच्या आधी कळतं.

पण नवऱ्याला कळतंच असं नाही. गुरुवारी लवॉन गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. ती परत आली तर मर्ल अंगणात चर्चच्या झाडाच्या फळांनी काठोकाठ भरलेली बादली घेऊन उभा, अंगावर मूठभर मांस चढलेलं. लवॉनने विचारलं, खालचीच उचललीस ना? मर्ल म्हणाला, खालचीच, देवाशप्पथ. तिला भरून आलं. बायकोच्या गुडघ्यासाठी बिचारा इतका वाकला! तिने शंकूसारख्या गाळणीत फळं घातली, लाकडी दांड्याने घोटून गर काढला, बोटाने जरासा चाटला. गोड लागला. मर्ल शेजारी बसून बिया उभ्या चिरत होता. तिकडची समजूत अशी, की आतला कोंब चमच्यासारखा दिसला तर बर्फ फार, काट्यासारखा दिसला तर थंडी सौम्य. त्याला सगळे चमचेच निघत होते, आणि बर्फ उपसायच्या फावड्याचा दांडा बदलायला हवा हे तो दर बीमागे सांगत होता.

शुक्रवारी सकाळी तिने दालचिनी, सुंठ, जायफळ घालून पीठ भिजवलं. कपकेक भाजले, निवल्यावर मधोमध कोरले, सफरचंदाच्या बारीक फोडींबरोबर शिजवलेला गर आत भरला आणि कोरलेला तुकडा झाकणासारखा वर बसवला. घरभर वास सुटला होता. तिने पहिला घास घेतला आणि जीभ टाळूला जाऊन चिकटली. गाल आतल्या आत ओढले गेले, दातांवर लोकर चढली. गर नुसता चाटताना लपलेला तुरटपणा शिजवल्यावर बाहेर आला होता. तिने मर्लकडे पाहिलं. मर्लने छताकडे पाहिलं.

"तू झाड हलवलंस," ती म्हणाली.

"जरासंच. मासे धरायच्या काठीने," मर्ल म्हणाला. "पण उचलली खालचीच."

चोवीस कपकेक कचऱ्यात गेले. बातमी शेजारच्या आयोनापर्यंत पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती आपल्या फ्रीजरमधला गराचा डबा घेऊन कुंपणाशी आली आणि म्हणाली, घे बाई, माझ्या दारच्या झाडाचा आहे, चवीत कुणाला फरक कळणार आहे? लवॉनला मोह झाला नाही असं नाही. गुडघा ठणकत होता. पण त्या झाडासाठी बोलायचं आणि दुसऱ्याच झाडाचं खाऊ घालायचं, हे तिच्याने होईना. तिने आयोनाचे आभार मानले आणि डबा तिचा तिला परत दिला.

मर्लने झाड झोडपल्यामुळे फांद्यांवर मोजकीच फळं उरली होती. शुक्रवारी दुपारभर शोधून वाटीभर मिळाली. शनिवारी उजाडताच ती पुन्हा गेली, कारण थोडा उशीर झाला असता तर हरणांनी आणि रात्री फिरणाऱ्या पोसम प्राण्यांनी काही ठेवलं नसतं. गोणपाट अंथरून ती गुडघ्यांवर बसली आणि पानांखाली चाचपत एकेक फळ उचलू लागली. टोपी ओढायची, सुटली तर ठेवायचं, नाहीतर टाकायचं. दहातली आठ टाकावी लागत होती.

तेवढ्यात गेलनची गाडी आली. जेवणाची टेबलं लावायला तो लवकर आला होता.

"गुडघा मोडून घेशील," तो लांबूनच म्हणाला.

"मग तुझ्या वहीत लिही, दोन पडल्या म्हणून."

तो हसला नाही. लवॉनच्या हातात नुकतंच एक अस्सल पिकलेलं, सुरकुतलेलं फळ आलं होतं. खा, म्हणून तिने ते सहज पुढे केलं. त्याबरोबर साठी ओलांडलेला, उंचापुरा गेलन स्टकी चटकन एक पाऊल मागे सरला. मग काही झालंच नाही असं दाखवत आत निघून गेला.

लवॉनचा हात तसाच राहिला. ते मागे सरलेलं पाऊल तिला बरोबर कळलं. पंचावन्न वर्षांपूर्वी, चर्चच्या पायऱ्यांपाशी, याच झाडाखाली, तिने सहा वर्षांच्या गेलनला असंच एक फळ दिलं होतं. त्या रविवारी त्याला सगळ्यांसमोर बायबलातलं वचन म्हणायचं होतं. तो उभा राहिला, तोंड आक्रसलं, शब्द फुटेना, हनुवटीवर लाळ आली, आणि अख्खं चर्च हसलं. त्या दिवसापासून गावाने त्याला तुरट्या म्हणायला सुरुवात केली. तो मोठा झाला, दुकान चालवू लागला, कमिटीचा प्रमुख झाला, तरी पाठीमागे तुरट्याच राहिला. तिला जाब विचारला तेव्हा ती म्हणाली होती, मला वाटलं पिकलंय. लोकांनी विश्वास ठेवला. अशी चूक कुणाच्याही हातून होते.

घरी येऊन तिने बाह्या सरसावल्या. गर निघाला तो बरोबर सात कपकेकपुरता. मर्ल आशेने ओट्याभोवती घुटमळत होता. त्याच्या हातात तिने रिकामी गाळणी दिली आणि धुवायला सांगितलं.

चार वाजता कमिटी चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलाशी बसली. लवॉनने प्रत्येकापुढे बशी ठेवली. सहा जणांनी खाल्लं, बोटं चाटली, हे खरंच आपल्या झाडाचं का म्हणून विचारलं. गेलनने बशी बोटभर बाजूला सरकवली.

"चव चांगलीच असणार," तो म्हणाला. "पण मिसेस ओडम चवीवरून घसरल्या नव्हत्या. ठराव मताला टाकूया."

खाणीचं, आईचं, बादलीचं असं सगळं बोलणं लवॉनने मनात जुळवून आणलं होतं. ती बोलायला उभी राहिली आणि तिच्या तोंडून वेगळंच आलं.

"गेलन, तुला ते फळ मी दिलं होतं ना, ते कच्चं आहे हे मला माहीत होतं. टोपी ओढून पाहिली होती मी. घट्ट होती. पंचावन्न वर्षं खोटं बोलत आले."

एकाला खोकला आला, तो त्याने गिळला. तुरट्या हे नाव तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलं होतं.

"का दिलंस?" गेलनने विचारलं.

"तुझे बूट नवे होते. माझे बाबा तेव्हा खाणीवरून घरी बसले होते. मी भावाचे बूट घालून आले होते, पुढे कागद कोंबून. आम्ही रात्री याच झाडाचं खायचो, आणि तू त्याच्याखाली नवे बूट घालून उभा होतास. झाडाचा त्यात काही दोष नव्हता. पाडायचं तर पाडा, पण माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस."

गेलनने बशी पुढे ओढली. कपकेकचा कागद एका बाजूने सोलला आणि वर न बघता विचारलं, "यांच्या टोप्या?"

"एकूण एक ओढून पाहिल्या."

त्याने घास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. मग पेन काढून ठरावाचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर झाडाखाली गाडी लावायची नाही, दोरी बांधायची, जागा रोज झाडायची. झाड राहील. पाच हात वर गेले, दोन खालीच राहिले. हेल्टनमध्ये एकमत कशावरच होत नाही.

जेवणाला तासभर होता. लवॉन तेवढ्यात खराटा घेऊन आवारात गेली, कारण झाडायचं ठरलं ते आजपासूनच. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. गेलन येऊन उभा राहिला आणि वरच्या फांद्यांकडे बघू लागला.

"टोपी घट्ट होती हे मीही पाहिलं होतं," तो म्हणाला.

लवॉनने खराटा थांबवला. "मग खाल्लंस कशाला?"

"नवे बूट माझ्या एकट्याचेच होते, म्हणून माझ्याशी कुणीच बोलत नव्हतं. तू पहिलीच, जिने काहीतरी दिलं."

कच्चं फळ खाल्ल्यासारखी लवॉनची जीभ टाळूला चिकटून बसली. गेलनने तिच्या हातातून खराटा काढून घेतला, तिला पायरीवर बसायला सांगितलं आणि बुटांना गर लागेल याची अजिबात पर्वा न करता तो झाडाखाली झाडू लागला.